कान कुणाचा दुखतो?

(हुडकेश्वर येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली वळणं शक्य तेवढी तशीच ठेवली आहेत.)



मला विषय दिला आहे ‘शुद्ध-अशुद्ध’. पाण्यातल्या शुद्ध-अशुद्धाला बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ओंजळ भरून उत्तर दिलं. आज बोलायचं आहे ते तोंडातल्या शुद्ध-अशुद्धाबद्दल. तळ्यावरचा पहारा दिसतो तरी. जिभेवरचा पहारा दिसत नाही, आणि पहारेकरी कित्येकदा आपल्याच घरात जेवायला बसलेला असतो.

आधी आरोपपत्र वाचून दाखवतो. आपण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, ‘आणि’ला ‘आनि’, ‘कोण’ला ‘कोन’, ‘लोणी’ला ‘लोनी’. ‘शाळे’ची ‘साळा’ करतो. वऱ्हाडाकडचा माणूस असेल तर ‘डोळ्या’चा ‘डोया’ करतो, झाडीपट्टीतला असेल तर ‘डोरा’. ‘मला-तुला’च्या जागी ‘मले-तुले’. ‘काय करतो आहेस’ असं न विचारता ‘काय करून राहिला बे’. पुस्तक आपल्याला ‘भेटते’, नोकरी ‘भेटत’ नाही; पंडित म्हणतात माणसं भेटतात, वस्तू मिळतात. ‘माझी मदत कर’ म्हणतो, ‘मला मदत कर’ म्हणायला पाहिजे. आणि इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’.

एवढ्या गुन्ह्याला शिक्षा काय? शिक्षा म्हणजे हसू. दंड नाही, छडीही आता नाही. फक्त हसू. आपल्याच वस्तीतली एक पोरगी. शाळेचं नाव घेत नाही, पोरीचंही नाही. विज्ञानाच्या तासाला उत्तर द्यायला उभी राहिली. उत्तर बरोबर होतं. पण ‘पानी उकळलं की’ अशी सुरुवात झाली, आणि बाईंनी तिला थांबवून तीनदा ‘पाणी, पाणी, पाणी’ म्हणायला लावलं. वर्ग हसला. पोरगी खाली बसली आणि त्यानंतर वर्षभर तिनं हात वर केला नाही. उकळल्यावर पाण्याचं काय होतं ते तिला माहीत होतं. ते विचारायचं मात्र राहून गेलं. अशी वर्षभर न वर झालेली किती बोटं असतील, याचा हिशेब कोणतं शिक्षण खातं ठेवतं?

ते म्हणतील, राग भाषेसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. कानाला खटकतं हो! चुकीचा उच्चार कुणाचाही असो, खटकतोच.

ठीक. मग आपण तपासून पाहू, यांच्या कानाला काय काय खटकत नाही.

‘फळ’ हा शब्द घ्या. मराठीतला ‘फ’ दोन ओठ मिटून काढायचा, ‘प’ला ‘ह’ लावून. पण इंग्रजी शाळेत शिकलेली मंडळी ‘फळ’, ‘फूल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर ठेवतात, ‘फॅन’, ‘फाईल’ म्हणावं तसं. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे हा चुकीचा उच्चार आहे. तुम्ही कधी कुणाला या ‘फ’वर हसताना पाहिलं? मी नाही पाहिलं. उलट तो ‘फ’ ऐकला की माणूस सुशिक्षित घरचा वाटतो.

‘ज्ञ’ घ्या. तो ज् आणि ञ मिळून झाला. महाराष्ट्रातला पंडित त्याला ‘द्न्य’ म्हणतो, काशीकडचा पंडित ‘ग्य’ म्हणतो. अक्षरं पाहता दोघंही चुकतात. दोघंही त्याच तोंडानं ‘ज्ञान’ वाटतात. ‘ऋषी’ घ्या. ‘ऋ’ हा स्वर आहे म्हणतात. आपल्याकडे तो ‘रु’ झाला, उत्तरेत ‘रि’ झाला, स्वर कुणाच्याच तोंडात उरला नाही. ‘ष’ तर पार मेला आहे. ‘भाषा’ आणि ‘आशा’ यांतला फरक अस्सल पुणेरी तोंडातूनही ऐकू येत नाही. म्हणजे ‘ष’चा ‘श’ त्यांनी केला तर ती भाषेची वाटचाल, आणि ‘श’चा ‘स’ आपण केला तर तो भाषेचा खून!

आणखी एक गंमत सांगतो. ‘बटन’ हा इंग्रजी शब्द. इंग्रजीत ‘ण’ नाहीच. आपलं पोरगं सदऱ्याचं ‘बटन’ तुटलं म्हणतं. ते इंग्रजीच्या जवळ जाणारं. पण प्रमाण मराठीत शब्द आहे ‘बटण’. तसंच ‘प्लॅटून’चं ‘पलटण’. जिथं ‘ण’ नव्हता तिथं यांनी लावला आणि तो शुद्ध झाला. आता ‘बटन’ म्हणणाऱ्या पोराला ‘बटण’ म्हण असं सांगतात. म्हणजे पोरगं ‘ण’ला ‘न’ म्हणालं तरी चुकलं, आणि ‘न’ला ‘न’ म्हणालं तरी चुकलं.

‘करून राहिला’ हे हिंदीवरून आलं म्हणून बाटलेलं. हो, हिंदीचा शेजार आहेच. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, आणि १९५६ पर्यंत हिंदी-मराठी दोन्ही एका दरबारात, एका बाजारात, एका गिरणीच्या साच्यावर उभ्या होत्या. त्या शंभर वर्षांची खूण जिभेवर राहणारच. पण मग ‘हजर’, ‘वकील’, ‘कागद’, ‘शाई’, ‘फडणीस’, ‘पेशवा’ हे शब्द कुठून आले? फारसी-अरबीचा हात लागला तरी पेशवाई बाटली नाही. हिंदीचा हात लागला की नागपूरचं पोट्टं बाटलं!

तेव्हा कानाची तक्रार ऐकताना आधी विचारा, कान कुणाचा आणि तोंड कुणाचं. आवाज तोच असतो. तो कोणत्या गल्लीतून येतो यावर तो दुखतो की नाही ते ठरतं.

हे कालपरवाचं नाही. याची मुळं जुनी आहेत आणि ती पोथीतच सापडतात. पतंजलीचं महाभाष्य इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात. व्याकरण कशाला शिकायचं, याचं कारण देताना त्यात एक गोष्ट येते. असुरांना ‘हे अरयः’, म्हणजे ‘अरे शत्रूंनो’, असं म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून ‘हेलयः’ आलं. ‘र’चा ‘ल’ झाला. आणि म्हणून असुर हरले! तलवारीनं नाही, सैन्यानं नाही, एका अक्षरानं हरले. आणि त्यावरून उपदेश असा की ब्राह्मणानं म्लेच्छासारखं बोलू नये.

आता हे ‘र’ला ‘ल’ म्हणणारे लोक कोण होते? धौलीचा शिलालेख पाहा, दिल्लीत उभा असलेला टोपऱ्याचा स्तंभ पाहा. सम्राट अशोक तिथं स्वतःला ‘राजा’ म्हणत नाही, ‘लाजा’ म्हणतो. पूर्वेकडच्या त्या लेखांत ‘र’ नाही, ‘ल’ आहे. ‘ण’सुद्धा नाही, सगळा ‘न’. ही मगधाची बोली. साऱ्या भारतावर राज्य करणारा माणूस दगडावर ‘लाजा’ कोरतो आणि त्याला लाज वाटत नाही. त्याची ‘अशुद्ध’ अक्षरं सव्वादोन हजार वर्षं ऊनपाऊस खाऊन उभी आहेत.

त्याचा सूडही व्याकरणानंच घेतला. ‘देवानांप्रिय’ ही अशोकाची पदवी. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा अर्थ लावला ‘मूर्ख’! बुद्धाच्या मागे गेलेल्या सम्राटाची पदवी शिवी करून टाकली आणि सूत्रात बसवली. व्याकरण म्हणजे नुसते काना-मात्रा नव्हेत, मित्रांनो. कुणाला शहाणं म्हणायचं आणि कुणाला मूर्ख म्हणायचं, हेही त्यात लिहून ठेवता येतं.

पण त्याच महाभाष्यात दुसरीही गोष्ट आहे, आणि ती आपल्या उपयोगाची आहे. एक व्याकरणपंडित रथ हाकणाऱ्या सूताला विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सूत म्हणतो, मी याचा ‘प्राजिता’. पंडित ओरडतो, अपशब्द! सूत शांतपणे सांगतो, महाराज, तुम्हाला नियमातून काय निघतं ते कळतं, लोकांत काय चालतं ते कळत नाही. हा शब्द रूढ आहे. पंडित चिडतो आणि ‘दुरूत’ म्हणून त्याला हिणवतो. सूत म्हणतो, शिवीसुद्धा चुकली. सूताला वाईटच म्हणायचं असेल तर ‘दुःसूत’ म्हणा! गाडीवानानं पंडिताची शिवी दुरुस्त करून दिली. आणि हे पतंजलीनं स्वतः नोंदवून ठेवलं आहे. आपल्या ऑटोवाल्या दादांनी ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

आता बुद्धाकडे येतो. कारण आपल्यापैकी कुणाला वाटत असेल की हे सगळं रागानं चाललं आहे, धम्माचा यात काय संबंध.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात प्रसंग आहे. जन्मानं ब्राह्मण असलेले दोन भाऊ भिक्खू झाले होते. बोलायला गोड, आवाज चांगला. ते भगवंतांकडे तक्रार घेऊन गेले. तक्रार काय? संघात नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवत आहेत. आम्ही ते छंदात, म्हणजे वेदाच्या वळणाच्या भाषेत बसवून देतो. बघा, तक्रार किती ओळखीची आहे! वस्तीतली पोरं आली आणि भाषा बिघडली. वर्गातल्या त्या बाई आणि हे दोन भिक्खू यांत फरक अडीच हजार वर्षांचा, बाकी काही नाही. भगवंतांनी दोघांना झापलं. छंदात घालायचं नाही, जो घालील त्याला दुक्कटाचा दोष, असा नियम केला. आणि बुद्धवचन आपल्या बोलीत शिकण्याची परवानगी दिली. ‘आपल्या’ म्हणजे ज्याच्या त्याच्या की बुद्धाच्या स्वतःच्या, यावर नंतर अभ्यासकांनी वाद घातला. घालू द्या. संस्कृताच्या वळणात नाही, एवढं तर त्यात स्वच्छ आहे.

आणि म्हणूनच त्रिपिटक पालीत आहे. पालीत ‘श’ नाही, ‘ष’ नाही, एकटा ‘स’ आहे. शील नाही, ‘सील’. शरण नाही, ‘सरण’. निर्वाण नाही, ‘निब्बान’; ‘ण’ जाऊन ‘न’ आला. ‘ण’ पालीत दुसरीकडे आहे, ‘समण’ म्हणताना आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण विहारात रोज सकाळ-संध्याकाळ आपण जे म्हणतो ते शुद्धवाद्यांच्या मापानं पहिल्या अक्षरापासून अशुद्ध आहे. आपल्याकडे काही शिकलेले लोक वंदना घेताना ‘सरणं’चं ‘शरणं’ करतात, जास्त शुद्ध वाटावं म्हणून! आणि म्हातारी मायबाई ‘सरनं’ म्हणाली की तिच्याकडे वळून पाहतात. त्या म्हातारीचा ‘स’ त्रिपिटकातला आहे. वळून पाहणाऱ्याचा ‘श’ त्या दोन भिक्खूंचा.

गंमत अशी की ज्या ‘ण’साठी आपली मान पकडतात, तो संस्कृतातून आलेला नाहीच. संस्कृतात ‘पानीय’ आहे, आपलाच ‘न’. ‘पाणी’ झालं ते प्राकृतात. महाराष्ट्री प्राकृताचा नियम वररुचीनं सांगितला आहे, सगळीकडे ‘न’चा ‘ण’ करावा. म्हणजे नगराचं ‘णअर’. त्या काळच्या दरबारात आजचा पुणेकर ‘नगर’ म्हणाला असता तर गाथा सप्तशतीच्या कवींनी त्याला गावंढळ म्हणून हाकललं असतं! ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतालाही दिला. आनंद आहे. पण मराठी अभिजात ठरवताना पुरावा कुणाचा काढला? त्या प्राकृताचा. संस्कृतवाले ज्याला अपभ्रंश म्हणत होते, त्याचाच. मानपत्र घेताना अपभ्रंश, आणि वर्गात पोरगी बोलली की शुद्ध?

आपल्या विदर्भाचीही साक्ष काढतो. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ लीळाचरित्र. म्हाइंभटानं तो तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला. सदाशिव पेठेचा तेव्हा पत्ता नव्हता. चक्रधरांच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी पंडित केशिराजाला संस्कृत सोडायला लावलं, कारण पंथातल्या म्हाताऱ्यांना ते कळणार नाही. म्हाताऱ्यांना कळावं हे भाषेचं माप धरलं होतं! ते माप बदललं कधी? गादी पुण्याला गेली, मागून इंग्रज आला. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. छापखाना आला, शाळाखातं आलं, परीक्षा आली. दादोबा स्वतः जात न मानणाऱ्या परमहंस सभेतले होते, त्यांना दोष देऊन भागणार नाही. पण यंत्र उभं राहिलं आणि त्यात एका शहरातल्या काही घरांचं बोलणं सर्वांचं ‘प्रमाण’ झालं. बाकीच्यांचं बोलणं ‘बोली’ झालं.

आणि यंत्राचा पहिला घाव कुणावर? जोतीरावांवर. गुलामगिरी १८७३ साली निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ते १८८२ चालली. शास्त्रीबुवांनी फुल्यांची टर उडवली ती कशावरून? व्याकरणावरून. शूद्रातिशूद्रांना कुणी आणि कसं गुलाम केलं, हा प्रश्न पुस्तकानं विचारला होता. उत्तर आलं की तुमचं वाक्य बरोबर नाही. ही युक्ती ओळखून ठेवा. विचाराला उत्तर नसलं की ऱ्हस्व-दीर्घ काढायचं. १८८५ साली रानड्यांच्या ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीरावांनी जायला साफ नकार दिला. ज्या सभेत आपलं दुःख नाही, तिथं आपलं शुद्धलेखन तपासून घ्यायला ते गेले नाहीत.

आता आजचे नियम. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. अठरा झाले. मी ते वाचले आहेत, तुम्हीही वाचा, तासाभराचं काम आहे. त्यात वृत्त सांभाळण्यासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची सूट दिली आहे. कवीला सूट आहे, चौथीतल्या पोराला नाही! आणखी एक नियम असा की कुणाच्या तोंडचं बोलणं उतरवायचं असेल तर ‘केलं’, ‘असं’ लिहावं, एरवी लेखकानं ‘केले’, ‘असे’ लिहावं. यात मला आख्खी वर्णव्यवस्था दिसते. लिहिणारा शुद्ध, आणि ज्याच्याबद्दल लिहितो तो बोलणारा. पण त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. ज्याच्याबद्दल लिहायचे त्यानंच पेन हातात घेतलं. पुढं १९८६ साली शांताबाई कांबळेंचं आत्मकथन आलं, ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. नावातच ‘माज्या’, नावातच ‘जल्म’. शांताबाई शिक्षिका होत्या. त्यांना ‘माझ्या जन्माची’ लिहिता येत नव्हतं असं कुणी समजू नये. आज कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, तिथल्या बाबूला ते नाव कार्डावर तसंच लिहावं लागतं. दुरुस्त केलं तर पुस्तक सापडणार नाही.

इंग्रजीचं नाव निघालं की आपली पोरं अर्धी मरतात, म्हणून तेही सांगतो. साहेबाच्या घरातही हाच तमाशा आहे. अमेरिकेत काळा माणूस ‘आस्क’ला ‘अॅक्स’ म्हणतो आणि गोऱ्याचा कान दुखतो. पण चौदाव्या शतकातला इंग्रजीचा आदिकवी चॉसर ‘अॅक्स’ लिहीत होता. १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलातही तेच रूप आहे. बायबलात होतं तोवर पवित्र, काळ्याच्या तोंडी आलं की रानटी. ‘र’चं ऐका. इंग्लंडात ‘कार’, ‘फोर’ म्हणताना शेवटचा ‘र’ गिळला की माणूस खानदानी. न्यूयॉर्कमध्ये तोच ‘र’ गिळला की गरीब. विल्यम लबॉव नावाच्या अभ्यासकानं १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, एक श्रीमंतांचं, एक मधल्यांचं, एक गरिबांचं, फिरून विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे दोन शब्द वदवून घेतले. दुकान जितकं महाग तितका ‘र’ जास्त ऐकू आला. अक्षर एकच, पण समुद्राच्या एका काठावर त्याला मान, दुसऱ्या काठावर अपमान.

पण तिथले लोक गप्प बसले नाहीत. १९७९ साली मिशिगनमधल्या अॅन आर्बर गावच्या काळ्या मुलांच्या वतीनं शाळामंडळावर खटला झाला. न्यायाधीशानं निकाल दिला की मुलांची घरची बोली शिक्षकांनी ओळखली पाहिजे आणि ती लक्षात घेऊन वाचायला शिकवलं पाहिजे. ज्या ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी जन्मली, जिच्यावरून आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्याच ओकलंडच्या शाळामंडळानं १९९६ साली काळ्यांच्या बोलीला मुलांची घरची भाषा म्हणून मान्यता देणारा ठराव केला. देशभर टिंगल झाली. पण १९९७ च्या जानेवारीत तिथल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेनं ठरावाची बाजू घेतली. आपल्याकडं आदिवासींच्या बोलीबद्दल तरी थोडं बोललं जातं. नागपूरच्या, उमरेडच्या, भिवापूरच्या पोरांची घरची मराठी ही घरची भाषा आहे, हे कोणत्या शाळेच्या ध्यानात आहे?

आता तुम्ही विचाराल, मग प्रमाण मराठी शिकायची नाही काय? स्पर्धा परीक्षा द्यायची नाही काय? हा प्रश्न खरा आहे, कारण या वर्गातली निम्मी पोरं त्यासाठीच इथं बसतात.

शिकायची. कसून शिकायची. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढं त्यांनी संस्कृत स्वतःच्या जिद्दीवर मिळवलं आणि त्याच संस्कृत ग्रंथांची उलटतपासणी केली. पालीचा कोश आणि व्याकरण त्यांनी तयार केलं, ते त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात आहे. बुद्धाच्या भाषेचं व्याकरण लिहिणारा आपला बाप आहे, म्हणून व्याकरण आपलं नाही असं मी म्हणणार नाही. पक्का नियम आहे की मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ: पाटी, वाटी, जादू. ‘आणि’ मात्र ऱ्हस्व, अपवाद म्हणून. पाठ करा, पेपरात लिहा, मार्क घ्या, पुढं जा. आणि जिथं अर्थ बदलतो तिथं तर डोळ्यात तेल घालून पाहा. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे लाचार. आपल्याच चौकात ‘महापरिनिर्वाण दीन’ असा बॅनर लागतो तेव्हा माझंही डोकं फिरतं. त्या दिवशी आपण काही दीन होऊन जात नाही. पण तो राग पेंटरच्या आईबापावर काढायचा नसतो. शिडी लावून वेलांटी बदलायची असते.

माझं भांडण दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ते आपल्याच लोकांशी आहे. इकडं हुडकेश्वर रोडला ले-आऊट पडले. जुन्या वस्त्यांतून, खेड्यांतून आपली माणसं आली. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी शिक्षक. घरं बांधली, दारावर पाट्या लागल्या. चांगलं झालं. पण त्या घरात पाहुणे आले की मुलगा आईला सांगतो, ‘आई, तू त्यांच्यासमोर जास्त बोलू नको.’ कारण ती ‘मले’ म्हणते. जिनं धुणीभांडी करून, तेंदूपत्ता बांधून याला शिकवलं, ती चहा देऊन आतल्या खोलीत जाऊन बसते. हे मी एका घरात नाही, कित्येक घरांत पाहिलं. गावाबाहेर ठेवायचं काम पूर्वी गाव करत होतं. आता हॉलच्या बाहेर ठेवायचं काम आपण करतो. आणि तीच मंडळी चौदा एप्रिलला स्टेजवर चढून संस्कृतीवर बोलतात. त्यांची मराठी शुद्ध असते, यात शंका नाही.

म्हणून या अभ्यासवर्गापुरत्या तीन गोष्टी ठरवून उठू या. बोलताना कुणी कुणाला थांबवायचं नाही. उत्तर पूर्ण होऊ द्यायचं, मग उत्तरावर बोलायचं. लिखाण तपासताना आधी विचाराखाली रेघ ओढायची, वेलांटीचं नंतर पाहायचं. आणि ज्या शाळेत आपल्या पोरांना उच्चारावरून उभं करतात, तिथं पालकांनी एकटं जायचं नाही, चौघांनी मिळून जायचं आणि मुख्याध्यापकांना शांतपणे विचारायचं की पोरीचं उत्तर बरोबर होतं की चूक.

पुढच्या रविवारी अर्ज लिहायचा सराव आहे, प्रमाण मराठीत, अठरा नियम समोर ठेवून. येताना प्रत्येकानं घरातल्या म्हातारीकडून पाच शब्द लिहून आणायचे, जे तुम्ही शाळेत कधी बोलला नाहीत. भांड्यांची नावं चालतील, किड्यांची चालतील, शेतातल्या गवताची चालतील. ‘न’ आहे की ‘ण’, ‘ळ’ आहे की ‘य’, ते पुस्तकात पाहून लिहू नका. तिच्या तोंडाकडं पाहून लिहा.

जय भीम.